तेवीस नंबरचा कुत्रा

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझ्या धाकट्या दिराने पुण्यात कुत्रा पाळला. उन्हाळी सुटीत मी त्याच्याकडे गेले होते, त्याच आठवड्यात त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून मीही सोबत गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जाड सुईने कुत्र्याच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप सोडली. मग टीव्हीच्या रिमोटसारखं एक यंत्र मानेवरून फिरवलं. त्यावर लांबलचक आकडा उमटला. त्यांनी तो एका फॉर्मवर लिहिला. खाली रंग, वय, मालक, पत्ता आणि कोणती लस कधी दिली ते.

"वहिनी, आता हा कुठंही हरवला तरी सापडणार," दीर म्हणाला.

जाऊबाई हसल्या. त्यांना हा सगळा श्रीमंती चोचला वाटत होता. मला हसू आलं नाही. मी फॉर्मवरच्या लसीच्या रकान्याकडे बघत होते. असलाच रकाना मी एकदा पट्टी-पेन्सिल घेऊन स्वतः आखला होता, तोही कुरकुर करत.

तेव्हा नोकरीला लागून मला दुसरं वर्ष होतं. हिंगोली जिल्हा अजून वेगळा झाला नव्हता, आम्ही परभणीतच मोडत होतो. शिरड शहापूरपासून आत, डांबरी रस्ता संपतो तिथून अर्धा तास चालत गेलं की आमचं गाव. दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा, आणि मी तिथली शिक्षिका. नवरा कळमनुरीला कचेरीत कारकून. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. एकटी सून खेड्यात कशी राहील म्हणून सासूबाई माझ्याजवळ येऊन राहिल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. बोलणं कमी, पण घरात कुठे काय चाललंय ते पाठमोरं असतानाही त्यांना कळायचं.

गावात जनावरांचे डॉक्टर म्हणून एक गृहस्थ यायचे. खरं तर ते डॉक्टर नव्हते, पशुधन पर्यवेक्षक होते. पण त्यांना कुणी त्या हुद्द्याने हाक मारत नसे. पन्नाशीला आलेले, लुनावरून फिरणारे, पुढे बांधलेल्या पेटीत लस आणि बर्फ. शेजारच्या गावात पिसाळलेल्या कुत्र्यामुळे एक म्हैस मेली, तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला होता की आपल्या हद्दीतल्या प्रत्येक पाळीव कुत्र्याला लस द्यायची. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी डालड्याच्या डब्यांचा पत्रा कापून गोल बिल्ले तयार केले, खिळ्याने ठोकून त्यांवर आकडे पाडले, आणि म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. कुत्र्यांचं रजिस्टर तुमीच लिव्हा."

मला राग आला होता. हजेरी, शिष्यवृत्तीचे तक्ते, जनगणना, मतदारयाद्या, काय काय लिहायचं मास्तरांनी? आता कुत्रीसुद्धा! पण नाही म्हणता आलं नाही. एका रविवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसले. नंबर, मालक, रंग, खूण, लस दिल्याची तारीख, असे रकाने आखले. लोक कुत्र्यांना दोरीने ओढत आणत होते आणि मालक म्हणून नाव द्यायला घाबरत होते. सरकार उद्या घरपट्टीसारखी कुत्र्यावरही पट्टी बसवील, असं कुणीतरी पसरवून दिलं होतं.

मेंढरं राखणारी एक विधवा बाई आली होती. तिचा कुत्रा तांबडा, अंगाने रोड, नजर सारखी मेंढरांच्या वाड्याकडे.

"कुत्र्याचं नाव काय?" मी विचारलं. हा रकाना मी आपल्याच मनाने वाढवला होता.

"त्याला कशाचं नाव? आमी हाड म्हनलं की जातंय, यू म्हनलं की येतंय."

"काही तरी लिहावं लागेल."

"मग तुमीच ठेवा एखांदं."

मी नावाच्या जागी आडवी रेघ मारली. रंग तांबडा. उजवा कान फाटका. मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा. बिल्ला तेवीस. सुई टोचताना कुत्रा ओरडलासुद्धा नाही. बाईनेच डोळे मिटून घेतले होते.

त्या दिवशी पन्नासच्या आसपास कुत्रे झाले. डॉक्टर खूश होऊन रजिस्टर पेटीत घालून घेऊन गेले. गावात पुढे पंधरा दिवस चेष्टा चालली. पारावर कुणी कुणाला हाक मारायचा, "ए, तुहा नंबर काय रे?"

यानंतर दोनेक महिन्यांनी, थंडीत, मला कुत्रा चावला.

मला तेव्हा तिसरा महिना लागला होता. ही गोष्ट घरातल्या तिघांनाच माहीत होती. सकाळी शाळेत जाताना मी ओढ्याकडची पाऊलवाट धरली, कारण तिकडे ऊन लवकर यायचं. झुडपाला वळसा घातला आणि काही कळायच्या आत पिंडरीत कळ गेली. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. खाली बघितलं तर लुगड्यासकट पाय तोंडात धरलेला तांबडा कुत्रा. मी ओरडले, हातातली पिशवी त्याच्या डोक्यात घातली. त्याने पाय सोडला, पण जागचा हलला नाही. गळ्यातला पत्र्याचा बिल्ला उन्हात चमकला. आधीचा आकडा केसांत गेलेला, शेवटचा तेवढा दिसला. तीन. मग मी जी पळत सुटले ती घराच्या उंबऱ्यावर येऊन पडले.

आत्याबाईंनी लुगडं वर करून पाहिलं. चार दातांचे व्रण, दोन खोल. शेजारणी जमल्या. एक म्हणाली मिरची भरा, दुसरी चुना आणायला निघाली. आत्याबाईंनी दोघींना बाजूला सारलं, अंगणातल्या दगडावर मला बसवलं आणि साबण घेऊन घागरीवर घागर ओतत पाय धुवत राहिल्या. त्यांना हे कुठून माहीत होतं कोण जाणे. धुताना त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "काई होत न्हाई. काई होत न्हाई."

शिरडहून बस धरून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, रोज एक. डॉक्टर वयाने लहान होते, पण शांत. मी दिवस असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सुई कातडीखाली असते, बाळापर्यंत जात नाही. आणि दिवस असले तरी ही घ्यावीच लागतात, टाळायची नाहीत. आजपासून सुरू करू." मग त्यांनी विचारलं, "कुत्रा कुठाय?"

"पळाला असेल."

"शोधा. मारू नका, बांधून ठेवा. चावल्यापासून दहा दिवस तो धडधाकट राहिला तर समजायचं की त्याच्यात रोग नव्हता. मग मी सुया बंद करीन. आणि मुख्य म्हणजे तुम्हाला झोप लागेल."

पहिली सुई घेऊन परतलो तर गावात निराळंच चाललं होतं. चार-पाच गडी काठ्या घेऊन निघाले होते. मास्तरीणबाईला कुत्रं चावलं, दिसेल ते तांबडं कुत्रं मारायचं, असं ठरलेलं. नेमके त्याच वेळी जनावरांचे डॉक्टर लुनावरून आले. त्यांनी गाडी तशीच आडवी टाकली आणि हात पसरून वाटेत उभे राहिले.

"अरे, मारून काय कळनार हाय? बाईचा जीव टांगनीला लागून राहिला अन् तुमी पुरावाच पुरून टाकून राहिले! काठ्या ठेवा खाली."

मग ते आमच्या ओसरीवर बसले. पेटीतून रजिस्टर काढलं. माझ्याच अक्षरातलं.

"शेवटी तीन म्हनता. तीन, तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस. रंग?"

"तांबडा."

तीन काळा होता. तेहतीस पांढरा. त्रेचाळीसही काळाच. तेरा तांबडा, पण तो हॉटेलवाल्याचा म्हातारा कुत्रा. सकाळपासून भट्टीजवळून उठला नव्हता, दहा माणसांनी पाहिलेलं. डॉक्टरांचं बोट तेविसावर येऊन थांबलं. मी खुणेचा रकाना वाचला आणि मला त्या कुत्र्याचा फाटका कान आठवला. सकाळी ते ध्यानात आलं नव्हतं. आता डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला.

"ह्याला लस दिलेली हाय, बाई," डॉक्टर म्हणाले. "हे बघा तारीख. तुमीच लिव्हली." त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "तरी पन कुत्रं डोळ्यानं पाहिल्याबिगर मी बराबर हाय म्हननार न्हाई."

मेंढरांचा वाडा रिकामा होता. त्या बाईचं बिऱ्हाड त्याच सकाळी मेंढरं घेऊन निघालं होतं. दरवर्षी थंडीत ते लोक बाळापूरच्या अंगाला जायचे, खतासाठी लोकांच्या शेतात मेंढरं बसवायचे. वाट ठरलेली नसायची. जिथे शेतकरी बोलावील तिथे मुक्काम.

पुढचे दिवस मी कसे काढले ते नीट सांगता येत नाही. सकाळची बस, सुई, परतीची बस, दुपारची शाळा. पोट दगडासारखं व्हायचं. भेटायला येणारी प्रत्येक बाई एक गोष्ट घेऊन यायची. अमक्याला सगळ्या सुया घेऊनही झालं, तमक्याला सहा महिन्यांनी झालं. आत्याबाई एके दिवशी दारात उभ्या राहिल्या आणि येणाऱ्यांना सांगू लागल्या, "ती झोपली हाय, मग या." मी आत टक्क जागी असायची. तांब्यातलं पाणी प्यायच्या आधी क्षणभर थांबायची. पाण्याची भीती वाटतेय का, हे बघायला. घोट गिळला गेला की पुढच्या घोटापर्यंत बरं वाटायचं. हे मी कुणाला बोलले नाही. शनिवारी नवरा आला, रविवारी सायकलवर चार गावं फिरून आला, हात हलवत.

जनावरांचे डॉक्टर मात्र रोज कुणालातरी विचारत होते. लस द्यायला ज्या गावात जातील तिथे मेंढरांची चौकशी. आठव्या दिवशी ते आखाडा बाळापूरच्या बाजारात गेले. मेंढरवाले तिथे मीठ-मिरचीला येतात हे त्यांना माहीत होतं. दिवस मावळायच्या सुमारास लुनाचा आवाज आला.

"ठिकाना लागला! बाळापूरच्या पल्याड, एका मळ्यात बसून हायती. पन कुत्र्याचं मला कुनी सांगितलं न्हाई. उद्या चला, आपल्या डोळ्यानंच बघू."

नवव्या दिवशी सुई टोचून घेऊन आम्ही तिघं निघालो. मी, आत्याबाई आणि डॉक्टर. दोन बस बदलून बाळापूरला उतरलो, तिथून मळ्यापर्यंत पायी. हरभऱ्याच्या शेताला लागून मोकळं रान होतं, तिथे जाळीच्या वाघरीत कोकरं कोंडलेली. चुलीपाशी ती बाई भाकरी थापत होती. मोठी मेंढरं दिसत नव्हती. कुत्राही दिसत नव्हता.

तिने मला ओळखलं. पिठाचे हात तसेच ठेवून उभी राहिली.

डॉक्टरांनी विचारलं, "बाई, तुहा तांबडा कुत्रा कुठं हाय?"

"त्यो गेला की."

मला पुढचं ऐकू आलं नाही. आत्याबाईंनी माझा दंड धरला. त्यांची बोटं दोन दिवस उमटून होती.

"गेला? कवा?" डॉक्टर एकदम पुढे झाले.

"आत्ताच की. मेंढरामागं, पान्यावर. माहा दीर घेऊन गेलाय." ती आमच्या तोंडांकडे बघत होती. "काहून? काय झालं?"

आत्याबाई खाली मातीत बसल्या. डॉक्टरांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या बाईचा चेहरा बदलत गेला. सगळं ऐकून ती आधी एकच बोलली.

"मग तुमी त्याला माराया आलाव का?"

"अगं माय," आत्याबाई खालूनच म्हणाल्या, "तुह्यापरीस आमालाच त्यो जिता पाहिजे हाय."

मग ती बोलू लागली. त्या सकाळी निघताना एक मेंढी ओढ्याकाठी झुडपामागे व्यायली होती. कळप थांबवता येईना, म्हणून कुत्र्याला तिच्याजवळ बसवून ही पुढे गेली, मेंढरं दिराच्या हवाली केली आणि परत येऊन पिल्लू उचलून नेलं. "तुमी पिल्लाच्या अंगावर गेल्या असाल, बाई. त्याला वाटलं असंल, न्यायालाच आल्या. त्यो तसा चावत न्हाई वो कुनाला. मला ठाऊक असतं तर मी आलीच असती."

मला ते पिल्लू दिसलंच नव्हतं. पण कुत्रा पाय सोडूनही जागचा हलला नव्हता, ते का, ते आता कळलं.

धूळ उडाली, मेंढरं येताना दिसली. शेवटी, एका बाजूने चालत, तांबडा कुत्रा. फाटका कान, पांढरा मोजा. बिल्ल्याची सुतळी काळी पडलेली. मी आत्याबाईंच्या मागे सरकले. डॉक्टर पुढे झाले, लांबूनच त्याची चाल बघितली, तोंड बघितलं, डोळे बघितले. मग त्या बाईला म्हणाले, "त्याला पानी दाव."

"त्यो पान्यावरूनच आलाय की."

"आला असंल. तरी दाव."

तिने जर्मनच्या पातेल्यात पाणी ओतलं आणि यू, यू म्हणाली. कुत्रा आला, त्याने पातेल्यात तोंड घातलं आणि लपलप करत पाणी पिऊ लागला. आम्ही चौघं उभे राहून ते बघत होतो. त्याने अर्धं पातेलं संपवलं, मिशा झटकल्या, आणि आमच्याकडे पाठ करून कोकरांच्या वाघरीपाशी जाऊन पसरला. मी रडत होते हे मला आत्याबाईंनी पदर पुढे केला तेव्हा कळलं. नऊ दिवसांत मी पहिल्यांदाच रडत होते.

"दहावा दिवस उद्या हाय," डॉक्टर म्हणाले. "मी राहातो आज इथंच. उद्या बघूनच निघतो." त्यांना कुणी राहायला सांगितलं नव्हतं. त्या बाईने आम्हाला भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. आत्याबाईंनी मला इतके दिवस तिखट बंद केलं होतं. त्यांनीच माझ्या भाकरीवर ठेचा ठेवला.

दुसऱ्या दिवशी चौथीचा पाढ्यांचा तास चालू असताना डॉक्टर शाळेच्या दारात आले. धुळीने भरलेले, दाढी वाढलेली.

"जिता हाय, बाई! सकाळी भाकर खाल्ली अन् माह्यावर भुंकला बी." पोरांना काही कळलं नाही, पण ती हसली. मग मीही हसले.

त्यापुढच्या सकाळी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सगळं दोनदा विचारलं, आम्ही सोबत नेलेल्या रजिस्टरमधली लसीची तारीख स्वतः वाचली आणि माझ्या कागदावर आडवी रेघ मारली.

"उद्यापासून येऊ नका."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. शाळेत जा, जेवा, झोपा."

माझ्या सुया वाचल्या त्या तीनच. नंतर कुणीतरी हिशेब करून तसं म्हणालंही, की एवढी धावपळ करून तीनच ना वाचल्या? त्या दिवशी मात्र सुया मोजायचं मनातही आलं नाही. बाहेर आलो तर आत्याबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. मला वाटलं, थकल्या. म्हणाल्या, "पाय चालंना गेले माहे. बस जराशी." मी शेजारी बसले. थोड्या वेळाने त्यांचं डोकं भिंतीला टेकलं आणि त्या तिथेच झोपल्या, भर दुपारी, माणसांची ये-जा चालू असताना. मी बस जाऊ दिली. दहा दिवस रात्री माझ्यासारख्याच त्याही जाग्या होत्या, हे मला तेव्हा समजलं.

पुढच्या वर्षी लसीचं शिबिर झालं तेव्हा लोक कुत्र्यांना घेऊन सकाळीच रांगेत उभे होते. कुणी पट्टीबिट्टीचं नाव काढलं नाही. मी कुरकुर न करता लिहिलं. त्यानंतर डॉक्टरांची बदली झाली आणि नव्या माणसाने बिल्ले बंद केले. काही वर्षांनी सुयाही बदलल्या. पोटातल्या गेल्या, दंडात घ्यायच्या आल्या, त्याही थोड्याच. कुणाला कुत्रा चावला की मी अजून तीनच गोष्टी सांगते. आधी साबण-पाणी, मग थेट दवाखाना. आणि कुत्रा कुणाचा, ते विचारा.

मुलगी पावसाळ्यात झाली. सात पौंडांची, ठणठणीत. ती तीन-चार महिन्यांची असताना मेंढरं पुन्हा गावात आली आणि ती बाई आमच्या ओसरीवर आली. काखेत लहानशी घोंगडी, स्वतः कातलेल्या लोकरीची. तिने ती लेकराच्या अंगावर घालून बघितली, लांबी पुरते का ते पाहिलं आणि आत्याबाईंनी केलेला चहा बशीत ओतून प्यायली. कुत्रा फाटकाबाहेर बसला होता. ती म्हणाली, बोलवू का, काही करायचा नाही. मी मान हलवून नको म्हटलं. मला अजून भीती वाटत होती, आणि ते मी तिला सरळ सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली, आणि लेकराचा पाय घोंगडीत नीट गुंडाळू लागली.